गाणे भीमाचे, सॉफ्टवेअर कोणते?

"जय भीम काका, गाण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?" विहारातील गायन पथकाच्या मुलामुलींनी आम्हाला विचारले. भीमजयंतीसाठी स्वतः रचलेली चार गीते त्यांना ध्वनिमुद्रित करायची होती. हाताशी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, दोन माईक, एक ढोलकी आणि नऊ जणांची उमेद. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव फिरून गात. आज घरच्या खोलीतही स्टुडिओ उभा राहू शकतो, पण साधन पारखून घ्यावे लागते. म्हणून चार रविवार त्यांच्यासोबत बसून आम्ही तीन सॉफ्टवेअरची माहिती घेतली. ती इतर पथकांच्याही उपयोगी पडावी.

पहिले एफएल स्टुडिओ. बेल्जियममधील कंपनीने १९९७ साली 'फ्रूटीलूप्स' या नावाने ते आणले. पडद्यावर चौकोनांची ओळ असते. चौकोन दाबला की तिथे ठोका पडतो. एका आवर्तनाला सोळा चौकोन, म्हणजे आठ मात्रांचा केरवा नेमका बसतो. सहा मात्रांच्या दादऱ्यासाठी चौकोनांची संख्या बदलून घ्यावी लागते. तालाचे तुकडे रचण्यात ते सरस आहे. एकदा विकत घेतले की पुढील आवृत्त्या फुकट मिळतात. मात्र चाचणी प्रतीत जतन केलेले काम बंद केल्यावर, खरेदी केल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही.

दुसरे २००१ साली बर्लिनमधून आलेले एबलटन लाईव्ह. त्यात तुकड्यांची जाळी असते. जो तुकडा दाबाल तो तालात वाजू लागतो. मंचावर जलसा करणाऱ्यांना हे उपयोगी. पण सध्याच्या आवृत्तीला किमान ८ जीबी रॅम लागते. आमचा लॅपटॉप तिथेच बाद झाला.

तिसरे रीपर. विंडोजसाठीची त्याची फाईल वीस एमबीहूनही लहान. तयार वाद्यांचे आवाज त्यात जवळजवळ नाहीत, आणि मेनूंची गर्दी पाहून मुले पहिल्या दिवशी गोंधळली. पण एकाच कडव्याचे पाच प्रयत्न एकाखाली एक ठेवून त्यातील चांगली ओळ निवडता येते. ध्वनिमुद्रण चालू नसलेल्या ट्रॅकचे काम ते आधीच उरकून ठेवते, त्यामुळे जुन्या यंत्रावर भार कमी पडतो.

एक अडचण मात्र सर्वांनाच येते. गाताना हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा ऐकू येतो. हा दोष बहुधा 'बफर'चा असतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणात १०२४ चा बफर ठेवला तर त्यापायीच सुमारे २३ मिलिसेकंद उशीर होतो. १२८ ठेवला तर सुमारे ३. गाताना बफर लहान ठेवावा, नंतर मिश्रण करताना मोठा करावा. नाहीतर जुना लॅपटॉप खरखरू लागतो.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या रविवारी एका मुलाने पेन ड्राइव्हमध्ये 'क्रॅक' केलेली प्रत आणली. "सगळेच वापरतात काका," तो म्हणाला. पैसे वाचतील म्हणून आम्हीही क्षणभर गप्प राहिलो, हे कबूल केले पाहिजे. मग त्यांच्यातलीच एक मुलगी म्हणाली, "आपले गाणे कुणी आपले नाव काढून विकले तर?" कोणी काही बोलेना. दर रविवारी वंदनेत आपण पंचशील घेतो. न दिलेले घेऊ नये, हे त्यातले दुसरे शील. ते चपला काढण्याच्या जागेपुरते नाही. शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस येतो, तो वेगळाच.

रीपर ६० दिवस पूर्णपणे वापरून पाहता येते. नंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरना मिळतो, म्हणजे पाच हजार रुपयांच्या पुढे. नऊ जणांनी माणशी सहाशे रुपये काढायचे ठरवले. त्या मुलाने पेन ड्राइव्ह स्वतः कोरा केला आणि पहिले सहाशे त्यानेच आणून दिले.

ज्यांना प्रामुख्याने गळा आणि ढोलकी मुद्रित करायची आहे त्यांनी रीपर पाहावे. ज्यांना संगणकावरच ताल रचायचा आहे त्यांनी एफएल स्टुडिओ. घाई न करता दोन्हींच्या चाचणी प्रती वापराव्यात. आणि गीतावर कवीचे, गायकाचे व ढोलकीवाल्याचे नाव न विसरता घालावे.

जय भीम!