सँडबॉक्स आणि नॉन-बीटीचं पाकीट

पोळ्याला सिंदीला घरी गेलो होतो. (नागपूर-वर्धा लाईनवरची सिंदी रेल्वे. तान्हा पोळा बघायला एकदा याच!) बाबा वावरातून आले ते वैतागूनच. मोबाईलवरच्या एका एआय ॲपने सकाळी फवारणी करायला सांगितली आणि दुपारी पाऊस. औषध, मजुरी, सगळं वाहून गेलं.

"तू तं कॉम्प्युटरवाला. सांग, आता भरून कोन देईन?"

ॲप उघडून बघितलं. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ: 'ही सेवा प्रायोगिक आहे.' झालं, विषय संपला!

आता गंमत अशी की मी स्वतः अशा प्रयोगांच्या बाजूचा आहे. नवीन कोड आपण थेट प्रॉडक्शनला टाकत नाही, आधी टेस्ट सर्व्हरवर चालवतो. 'रेग्युलेटरी सँडबॉक्स' म्हणजे साधारण तेच: ठरावीक मुदत, मोजके ग्राहक, काही नियमांतून सूट, आणि नियामकाची नजर. रिझर्व्ह बँकेने फिनटेकसाठी तो २०१९ मध्ये आणला. अमेरिकेत युटा राज्याने २०२४ मध्ये खास एआयसाठी कायदा करून अशी तात्पुरती सवलत दिली. आपल्याकडे केंद्राच्या नोव्हेंबर २०२५ च्या एआय मार्गदर्शक तत्त्वांतही सँडबॉक्सची शिफारस आहे. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम १७ वाचलंत का? एखाद्या कंपनीला ठरावीक काळापुरतं कायद्याच्या कुठल्याही तरतुदीतून वगळायचा अधिकार केंद्राला आहे.

सूट हवीच. नाहीतर वकिलांची फी परवडणारे बडे तेवढे उरतील आणि चार पोरांचा स्टार्टअप बुडेल.

पण विदर्भाने असा एक 'सँडबॉक्स' जगून पाहिलाय. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला पहिली परवानगी मिळाली ती तीन वर्षांपुरती आणि अटींसह. मुख्य अट: बीटीच्या भोवती किमान पाच ओळी किंवा २० टक्के साधी कपाशी लावायची, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही. ४५० ग्रॅमच्या बीटीसोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट मिळायचं. आमच्याकडे ते धुऱ्यावर पडलेलं मी लहानपणी पाहिलंय. कोणी तपासायलाच आलं नाही. मुदतीची परवानगी हळूहळू कायमची झाली, अट कागदावर राहिली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी खाल्ली. कारणं बरीच होती, हे त्यातलं एक मोठं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सूट द्या, पण कोणाला, कुठल्या नियमातून आणि कोणत्या तारखेपर्यंत, ही यादी सगळ्यांना दिसेल अशी लावा. तारीख उलटली की सूट आपोआप संपू द्या. आणि नुकसान झालं तर भरपाई कंपनीची. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत ग्राहकाची जोखीम कंपनीवरच आहे. मग शेतीत का नको? राज्याच्या २०२५ च्या महाॲग्री-एआय धोरणात पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी ठेवलेत. त्यातून होणाऱ्या प्रयोगांना हा नियम लावायला हरकत नसावी.

माझ्या टेस्ट सर्व्हरवर खोटा डेटा असतो, क्रॅश झाला तर मी चहा पिऊन येतो. बाबांचं वावर मात्र थेट प्रॉडक्शन आहे. तिथे रोलबॅक नाही.

बाबांना अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा.