उलटे खड्डे

गतिरोधकासारख्या क्षुल्लक विषयाने पक्षाच्या साप्ताहिकात जागा अडवावी काय, असे काही साथी विचारतील. त्यांनी एकदा पहाटपाळीच्या कामगारामागे दुचाकीवर बसून डोंबिवलीच्या रस्त्यांनी जावे, मग बोलू.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच माप ठरवून दिले. उंची दहा सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, माथा सतरा मीटर त्रिज्येचा गोलसर. म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने वाहन बिनधोक ओलांडावे. अलीकडे ४० मीटरवर सूचनाफलक, अंगावर काळे-पांढरे पट्टे. मार्गदर्शिका २०१८ मध्ये सुधारून निघाली. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत मात्र जागोजाग हातभर रुंद, वीतभर उंच डांबराचे ढीग आहेत. ना रंग, ना फलक. नाहीतर खिळ्यांनी ठोकलेल्या रबरी पट्ट्या. पट्टी उखडते, खिळा राहतो.

मोटारीतल्या साहेबाला याचा हलका हिसका बसतो. मूल कडेवर घेऊन दुचाकीवर एका अंगाने बसलेली बाई थेट रस्त्यावर पडते. रिक्षावाल्याची पाठ रोज शंभरदा आदळते, आणि त्याची नोंद कोणत्याच अपघाताच्या तक्त्यात होत नाही.

म्हणून गतिरोधकच नकोत, ही मोटारवाल्यांची भाषा; ती आपली नव्हे. शाळेसमोर मूल चिरडल्यावर वस्तीने गतिरोधक मागावा यात गैर काहीच नाही. गैर आहे ती प्रशासनाची चलाखी. पदपथाला जागा व पैसा लागतो. संतप्त वस्ती मात्र दोन घमेली डांबरात शांत करता येते. कोणी मापले, कोणी सही केली, हे विचारायचे कुणाला? कल्याण-डोंबिवलीत २०२० च्या नोव्हेंबरपासून आणि ठाण्यात २०२२ च्या मार्चपासून कित्येक वर्षे लोकनियुक्त सभागृहच नव्हते. आयुक्तच प्रशासक, आणि जाब घेणाराही तोच!

खड्ड्यांमुळे मृत्यू आल्यास वारसांना ६ लाख रुपये द्यावेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरात बजावले. नियम मोडून उभारलेला गतिरोधक म्हणजे उलटा खड्डाच. मग त्यावर मेलेल्याच्या घरी तीच भरपाई का नको? आणि ती करदात्याच्या नव्हे, कंत्राटदाराच्या व बिल मंजूर करणाऱ्या अभियंत्याच्या खिशातून का नको?

प्रत्येक प्रभाग कार्यालयात गतिरोधकांची नोंदवही जनतेसाठी खुली हवी: जागा, तारीख, माप, कंत्राटदार, मंजुरीची सही. ती मिळेपर्यंत शाखांनी एका रविवारी टेप घेऊन आपापले रस्ते मापावेत आणि दहा सेंटिमीटरवरील प्रत्येक ढिगाचा लेखी अर्ज सोमवारी सकाळी पोचपावतीसह दाखल करावा.