संशोधक मुलांस कोणी विचारील काय?

परभणी क्रांती ही भेंडी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं लावली असेल, आणि ज्यांनीं लावली नाहीं त्यांनीं खाल्ली तरी असेल. केवडा रोगाला सहसा दाद न देणारी ही जात परभणीच्या कृषी विद्यापीठानें काढली. सोयाबीनची एम.ए.यू.एस. ७१ आणि ज्वारीची परभणी मोती याही जाती तेथल्याच. हें विद्यापीठ १८ मे १९७२ रोजीं स्थापन झालें आणि २०१३ सालीं त्यास वसंतराव नाईक यांचें नांव मिळालें. वाण चांगला निघाला म्हणजे शास्त्रज्ञांचा सत्कार होतो, आणि तो व्हावाच. पण अशा संशोधनामागें आणखी एक माणूस राबत असतो. कळी उमलण्याच्या आदल्या संध्याकाळीं तिच्यांतले पुंकेसर चिमट्यानें काढणारा, तिच्यावर कागदी पिशवी चढविणारा, दुसऱ्या सकाळीं परक्या झाडाचा पराग आणून लावणारा आणि मग उन्हांत बसून रोपामागून रोप मोजणारा तो संशोधक विद्यार्थी. एम्.एस्सी. किंवा पीएच्.डी. करणाऱ्या या मुलामुलींत कुणब्याचीं, माळ्याचीं, धनगराचीं, सुतारालोहाराचीं अशीं आपल्या घरचीं मुलें आहेत. आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, तुझें कसें चाललें आहे, असें या मुलांस कोणी विचारतें काय?

घरचीं माणसें फोनवर विचारतात, “किती राहिलें?” मुलगा म्हणतो, “थोडें राहिलें.” हें थोडें तीन तीन वर्षें संपत नाहीं. खरिपाचा प्रयोग पावसानें बुडविला तर पुढच्या खरिपापर्यंत तो पुन्हां मांडतां येत नाहीं. पेरणी हुकलेल्या कुणब्याला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पण मुलगा तें सांगत नाहीं, कारण बापानें आधींच बैल विकलेला असतो. मुलगी असेल तर तिच्या लग्नाचा घोर वेगळाच. घरीं सांगण्याची चोरी, तर विद्यापीठांत तरी तीं मुलें मन मोकळें करतात काय?

“आम्ही विद्यार्थ्यांचे अभिप्राय घेतों,” असें सर्व विद्यापीठें सांगतात. तें खोटें नाहीं. परंतु अभिप्राय कसा घेतला जातो, हें आम्ही शाळामास्तर चांगलें जाणतों. तपासणीस साहेब वर्गांत येतात, मास्तर शेजारीं उभा असतो, आणि साहेब मुलांस विचारतात, “गुरुजी नीट शिकवतात ना?” चाळीस मुलें एका सुरांत “हो” म्हणतात. साहेब शेरेबुकांत समाधानाचा शेरा लिहून पुढच्या गांवीं जातात. खेड्यांतल्या शाळेंत जें घडतें तेंच मोठ्या इमारतींत इंग्रजी छापील कागदावर घडतें.

नॅक या संस्थेनें २०१७ पासून विद्यार्थ्यांकडून समाधानाची प्रश्नावली थेट भरून घेण्याची पद्धत आणली, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु तिच्यांतला पहिला प्रश्न वर्गांत अभ्यासक्रम किती पुरा झाला, हा होता. पीएच्.डी. करणारा विद्यार्थी वर्षानुवर्षें प्रयोगाच्या शेतांत, प्रयोगशाळेंत नाहीं तर ग्रंथालयांत असतो; वर्गांतल्या अभ्यासक्रमाचें त्याला काय होय? त्याचें सारें आयुष्य एका माणसाच्या हातीं असतें. तो माणूस म्हणजे मार्गदर्शक. त्याची सही झाली तर प्रबंध पुढें जाणार, नाहीं तर कपाटांत राहणार. आमच्या जिल्ह्यांतले कृषीखेरीज इतर विषयांचे विद्यार्थी बहुधा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे जातात. अशा विद्यापीठांसाठीं अनुदान आयोगानें नोव्हेंबर २०२२ मध्यें नियम केले. प्राध्यापकाकडे एका वेळीं आठांहून अधिक विद्यार्थी नसावेत, बाळंतपणासाठीं २४० दिवस रजा मिळावी, दर सहामाहीस समितीपुढें प्रगति मांडावी, असे ते चांगले नियम आहेत. मात्र त्या समितीचा निमंत्रक मार्गदर्शकच! त्याच्यादेखत त्याच्याविषयीं कोणता विद्यार्थी तोंड उघडील?

मार्गदर्शक सारे वाईट असतात असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. विद्यार्थ्याच्या पोटाला आहे कीं नाहीं हें पाहणारे, आपलें पुस्तक देणारे, रात्रीं बसून प्रकरण तपासणारे गुरु आहेत, आणि त्यांच्या चांगुलपणाचीही कोठें नोंद होत नाहीं. कारण विचारणाराच नाहीं.

कोणी म्हणेल, तक्रार निवारणाची समिती आहे, २०२३ च्या नियमांप्रमाणें लोकपालही आहे. आहेत खरे. पण तक्रार ही घर पेटल्यावरची हांक आहे, आणि आम्ही जें मागतों तें पावसाळ्यापूर्वीं कौलें पाहून घेणें आहे. शिवाय हांक मारली तरी ती ऐकली जातेच असें नाहीं. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठांतला संशोधक रोहित वेमुला यानें डिसेंबर २०१५ मध्यें कुलगुरूंस पत्र लिहिलें होतें. त्याची अधिछात्रवृत्ति कांहीं महिने मिळालेली नव्हती. १७ जानेवारी २०१६ रोजीं त्यानें जीव दिला. मुंबईंत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी जळगांवकडची पायल तडवी मे २०१९ मध्यें गेली. तिच्या छळाचा आरोप न्यायालयापुढें गेला. त्याच वर्षीं राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोघी मातांनीं उच्च शिक्षणांतल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. मुलें कशीं आहेत हें विचारण्याचें काम विद्यापीठांचें. तें या मातांस न्यायालयाच्या दारीं उभें राहून करावें लागलें.

पैशाचेंही तसेंच. बार्टी, सारथी आणि महाज्योति या संस्था आपल्या मुलांस संशोधनासाठीं अधिछात्रवृत्ति देतात, ही मोठी सोय आहे. पण ती मिळावी, वेळेवर मिळावी म्हणून मुलांस उपोषणें करावीं लागलीं, मुंबईच्या आझाद मैदानावर बसावें लागलें. डिसेंबर २०२३ मध्यें नागपूरच्या अधिवेशनांत तेव्हांचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीं पीएच्.डी. करून हीं मुलें काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला. रयतेच्या पैशाचा हिशेब मागूं नये असें आम्ही म्हणणार नाहीं. पण सवाल मुलांस समोर बसवून करावा, आणि दिव्यांत तेल केव्हां पडलें हेंही विचारावें. १९१७ सालीं बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांस लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावें लागलें होतें. तो पुरा करायला त्यांस १९२० सालीं पुन्हां जावें लागलें. असा खंड पडला म्हणजे प्रत्येकाला पुन्हां उठतां येतेंच असें नाहीं.

सरकारनें विचारावें आणि रयतेच्या बाजूनें उत्तर द्यावें, ही रीत आपल्याकडे नवी नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशन शिक्षणाची चौकशी करूं लागलें तेव्हां जोतीराव फुले यांनीं लेखी निवेदन दिलें, आणि रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचें शिक्षण कसें पोसलें जातें हें स्पष्ट सांगितलें. तें निवेदन छापलें गेलें म्हणून आज आपणांस वाचतां येतें. विलायतेंत २००७ पासून संशोधक विद्यार्थ्यांची वेगळी पाहणी होते. मार्गदर्शन कसें आहे, साधनें मिळतात काय, आपण कोठवर आलों हें त्यांस कळतें काय, असें तिच्यांत विचारतात.

आपल्याकडे तें करावयाचें तर प्रश्न मराठींत असावेत आणि रोखठोक असावेत. गेल्या महिन्यांत मार्गदर्शक किती वेळां तुझ्यापाशीं बसले? वृत्तीचे पैसे किती महिने थकले? मार्गदर्शकाच्या घरचा बाजारहाट तुला करावा लागतो काय? प्रयोगाच्या शेताजवळ मुलींसाठीं संडास आहे काय? जातीवरून, बोलीवरून कोणी टोमणा मारतें काय? कागदावर नांव नसावें. पण तेवढ्यानें भागत नाहीं. एखाद्या विभागांत तिघेच विद्यार्थी असले तर नांव न लिहितांही नांव कळतें. म्हणून चारपांच विभागांचे कागद एकत्र करावेत, आणि ते उघडणारीं माणसें बाहेरचीं असावींत. दुसऱ्या विद्यापीठाचा एखादा निवृत्त शिक्षक असावा, आणि एखादा जाणता शेतकरीही असावा. तीन महिन्यांच्या आंत उत्तर फलकावर लागावें: काय केलें, काय करतां येत नाहीं, आणि कां. उत्तर लागलें नाहीं तर पुढच्या वर्षीं मुलें कागद कोरा देतील, आणि त्यांचें चुकणार नाहीं.

विद्यापीठाच्या स्थापनादिनीं, म्हणजे १८ मे रोजीं, परभणीस खरीप शेतकरी मेळावा भरतो. आमचे वाचक तेथें बियाण्यासाठीं जातात, तासन् तास रांगेंत उभे राहतात, आणि चर्चेच्या वेळीं बोंडअळीविषयीं, हुमणीविषयीं शास्त्रज्ञांस विचारतातही. त्याच वेळीं एकानें उठून कुलगुरूंस विचारावें कीं, साहेब, आमचीं जीं मुलें तुमच्याकडे संशोधन करतात त्यांस तुम्हीं यंदा काय विचारलें, आणि त्यांनीं काय सांगितलें?