कृत्रिम कॉर्निया आणि थेंबांचे बिल
ॲसिडने वा चुन्याने कॉर्निया भाजला आणि नेत्रदानातून मिळालेलाही टिकला नाही, तर कृत्रिम कॉर्निया हा उरलेला मार्ग. मदुराईच्या ऑरोलॅबने तो देशातच स्वस्तात बनवला. पण बसवला की काम संपले, असे नव्हे! आयुष्यभर अँटिबायोटिक थेंब, बँडेज लेन्स, काचबिंदूची तपासणी. थेंब चुकले तर जंतुसंसर्गाने डोळाच जाण्याची भीती. शस्त्रक्रियेचे बिल एकदाच, थेंबांचे दरमहा.

रेल्वे बांधवांनी रेल्वे डॉक्टरांकडून रेफर करून घेतल्याशिवाय बाहेर शस्त्रक्रियेला जाऊ नये. मागाहून भांडण जड जाते. सीजीएचएसबाहेर राहणाऱ्या टपाल पेन्शनरला तर बाह्यरुग्ण खर्चासाठी २०१७ साली ठरलेला महिना १००० रुपये भत्ता. त्यात थेंब घ्यायचे की रक्तदाबाच्या गोळ्या? इम्प्लांटच्या मंजुरीतच थेंब व लेन्स आजन्म धराव्यात, ही आमची मागणी आहे.