स्मृतिभ्रंश आणि कलोपचार : अपेक्षा व मर्यादा

देशातील साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासातून पुढे आला. या वयोगटात हे प्रमाण ७.४ टक्के असून पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात ते अधिक आढळले. या विकाराचे प्रमुख कारण असलेला अल्झायमर पूर्णपणे बरा करणारे औषध आजही उपलब्ध नाही. साहजिकच औषधांखेरीज अन्य उपायांचा शोध सुरू असून कलोपचार हा त्यांपैकी एक आहे.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २००६ मध्ये अशा रुग्णांसाठी विशेष उपक्रम सुरू केला. त्यात रुग्ण आणि त्यांचे नातलग मोजक्या कलाकृतींसमोर बसून मार्गदर्शकाशी संवाद साधत. आज वार कोणता, नातवाचे नाव काय, अशा प्रश्नांना अडखळणारी व्यक्ती चित्रात काय दिसते हे मात्र मोकळेपणाने सांगू शकते; कारण तेथे उत्तर चुकण्याची भीती नसते. कलोपचाराचे बळ याच मोकळेपणात आहे.

मात्र कलेमुळे आजार थांबतो, असे म्हणता येत नाही. लंडनमध्ये वास्तव्य असलेले अमेरिकी चित्रकार विल्यम उटरमोलेन यांना १९९५ मध्ये अल्झायमरचे निदान झाले. त्यानंतरही त्यांनी काही वर्षे आत्मचित्रे रेखाटली. त्या चित्रांतील चेहरा उत्तरोत्तर विस्कटत गेला. तरीही स्वतःला व्यक्त करण्याची त्यांची धडपड सुटली नाही. शास्त्रीय पुरावाही तोकडाच आहे. कॉक्रेनच्या २०१८ च्या आढाव्यात निकषांत बसणाऱ्या केवळ दोन चाचण्या आढळल्या आणि त्यांवरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही. म्हणूनच स्मरणशक्ती परत आणून देण्याचे दावे करणाऱ्यांपासून कुटुंबीयांनी सावध राहणे आवश्यक आहे.

भारतात या रुग्णांची शुश्रूषा प्रामुख्याने घरातच होते आणि तिचा भार बहुतांशी स्त्रियांवर पडतो. केरळमध्ये १९९२ साली स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेने या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले. तथापि, रुग्णांना दिवसभर सांभाळणारी केंद्रे गरजेच्या मानाने फारच थोडी असून जी आहेत ती मुख्यतः शहरांत आहेत. ग्रामीण भागातील कुटुंबांना संग्रहालयाची वाट परवडणारी नाही. परंतु रांगोळी, कोलम किंवा अल्पना घराच्या अंगणातच आहे. वर्षानुवर्षे हाताला असलेली सवय नावे आणि तारखांच्या तुलनेत अधिक काळ टिकते. चुका न दाखवता, परीक्षा न घेता असा अर्धा तास रुग्णासोबत घालवता येतो.

त्यासाठी आशा कार्यकर्त्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत कुटुंबांना साधे मार्गदर्शन मिळायला हवे. मात्र कलेचा हा आधार निदान, औषधोपचार आणि शुश्रूषा करणाऱ्यांच्या विश्रांतीची सोय यांना पर्याय ठरू शकत नाही. त्यांची जबाबदारी आरोग्य यंत्रणेलाच उचलावी लागेल.