टीव्ही घरात, सेटिंग दुकानातलं

साठ हजारांचा टीव्ही आणायचा, त्याला हार घालायचा, नारळ फोडायचा, शेजारी पेढे वाटायचे आणि मग पुढची आठ-दहा वर्षं तो चुकीचा बघायचा, हा आमच्या कऱ्हाटीचा रिवाज झाला आहे. बारामतीच्या शोरूममधून निघालेला सेट जिरायतातल्या सुप्या-मोरगावला जावो नाहीतर बागायतातल्या सणसर-लासुर्ण्याला, भिंतीवर चढल्यावर त्यात जे चित्र दिसतं ते शोरूमच्या ट्यूबलाइटसाठी बनवलेलं असतं. कुणी ते बदलत नाही. बदलता येतं हेच बहुतेकांना ठाऊक नाही. आणि ज्याला ठाऊक असायला हवं, तो टीव्ही लावायला आलेला पोरगा, त्याची मोटारसायकल बाहेर चालूच असते.

डबा फोडून सेट पहिल्यांदा चालू केला की भाषा आणि वाय-फाय विचारून झाल्यावर बरेच सेट एक प्रश्न विचारतात. हा टीव्ही घरात वापरणार की दुकानात? ‘होम’ की ‘स्टोअर’? रोज शोरूमच्या भिंतीवर सेट लावणाऱ्या पोराचा अंगठा सवयीनं ‘स्टोअर’वर पडतो. झालं! पडद्याच्या कडेला ‘फोर के’, ‘एचडीआर’ अशा जाहिरातीच्या पट्ट्या उगवतात. ब्राइटनेस कमी करावा तर थोड्या वेळानं तो आपोआप पुन्हा वर. घरचा कर्ता माणूस दोन-तीनदा खटपट करतो आणि ‘कंपनीचंच तसं आहे’ म्हणून रिमोट खाली ठेवतो. जिथं नशिबानं ‘होम’ दाबलं जातं, तिथंही पोरगा जाता जाता ‘व्हिव्हिड’ लावून देतो. का? तर घरातली पोरं ‘वॉव’ म्हणतात आणि चहाबरोबर बिस्किटं येतात.

हे व्हिव्हिड म्हणजे काय प्रकरण आहे ते बघायचं असेल तर आषाढी वारीचं थेट प्रक्षेपण लावा. तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो. धुतलेलं पांढरं सुती धोतर, त्याला घड्या, घड्यांत सावली, काठाला बारीक रेघ. आमच्या आळीत एका घरी गेल्या वर्षी हे बघायला बसलो, तर रस्त्यावर धोतर नव्हतंच. नुसता निळसर पांढरा पट्टा. घड्या गायब, काठ गायब. कॉन्ट्रास्ट शंभरावर. या बटणाचा संबंध पांढऱ्याशी असतो; ते टोकाला नेलं की पांढऱ्यातले सगळे बारकावे एकाच पांढऱ्यात विरघळतात. आणि निळसर का? तर रंगाचं तापमान ‘कूल’वर. चित्रपट आणि टीव्हीचे कार्यक्रम बनवताना पांढरा रंग ६५०० केल्विनच्या आसपास धरलेला असतो. दुकानात मात्र निळसर पांढरा जास्त उजळ वाटतो, म्हणून निळा वाढवतात. मग ती भरपाई करायला लाल वाढवतात. म्हणून वारकऱ्यांचे रापलेले चेहरे गाजरी दिसतात, आणि सोमवतीला जेजुरीची पालखी कऱ्हेवर आंघोळीला निघते तेव्हा उधळलेला भंडारा हळदीचा न दिसता रस्त्याच्या कामावरच्या जाकिटांचा दिसतो.

काटेवाडीतलं मेंढ्यांचं रिंगण तर बघवत नाही. शार्पनेस टोकाला असल्यामुळे प्रत्येक मेंढीभोवती खडूनं काढावी तशी पांढरी कड. त्यावर कळस म्हणजे हालचाल ‘गुळगुळीत’ करण्याची सोय. कॅमेऱ्यानं टिपलेल्या दोन चित्रांमध्ये टीव्ही स्वतःच्या मनानं तिसरं चित्र घुसडतो. बेलवाडीच्या गोल रिंगणात अश्व सुटला की त्याच्या पायांचं जे काही होतं ते घोड्याच्या मालकानं पाहिलं तर डॉक्टर बोलवेल. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांवर चालतो. त्यात मधली चित्रं भरली की कोट्यवधींचा चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझनं दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरीला शेजारी उभं करून, ही सोय बंद करा हो, अशी लोकांना विनवणी केली होती. पुढच्या वर्षी ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला, जो एका बटणात हे सगळे उपद्व्याप बंद करतो. तो आता आपल्याकडच्या बऱ्याच नव्या सेटमध्ये आहे. मेन्यूत, तीन पायऱ्या खाली, कुणी न उघडलेला.

दुकानदाराला विचारा, तो म्हणेल, “काका, गिऱ्हाईकाला भडकच लागतं.” बारामतीत एकानं मला हेच ऐकवलं, वर “तुम्हाला डोळ्याचा नंबर असेल” ही पुस्ती जोडली. त्याच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. पंधरा टीव्ही ओळीनं, पांढऱ्या दिव्यांखाली लावले की माणसाचा डोळा सगळ्यात उजळ पडद्याकडेच जातो. त्यात गिऱ्हाईकाचा दोष नाही. पण घरी पंधरा टीव्ही नसतात. घरी एकच असतो, रात्री आठला एका एलईडी बल्बच्या उजेडात. तिथं दुकानातलं सेटिंग ठेवण्याचं कारण काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्यानं मला साउंडबार दाखवायला घेतला.

या ट्यूबलाइटनं एकदा मोठा बळी घेतलेला आहे. प्लाझ्मा टीव्ही आता पोरांना सांगावा लागतो. १९६४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी संगणकावरून शिकवण्याच्या यंत्रणेसाठी हा पडदा बनवला. दोन काचांमध्ये बारीक बारीक कप्पे, त्यात निऑन-झेनॉनसारखे वायू; वीज दिली की अतिनील किरण निघतात आणि कप्प्यातला फॉस्फर उजळतो. प्रत्येक कप्पा स्वतःचा उजेड स्वतः देतो, त्यामुळे काळा रंग खोल आणि हालचाल स्वच्छ. कबड्डीचा सामना असो की बैलगाडा शर्यत, त्याच्या तोडीचं चित्र त्या काळातल्या एलसीडीत नव्हतं. पण शोरूममध्ये तो शेजारच्या एलसीडीपुढे मंद दिसायचा. वीज जास्त खायचा, वजनाला जड, हे खरंच. पण विकताना तो हरला तो त्या ओळीतल्या उजेडात. पायोनियर २००९ मध्ये टीव्हीच्या धंद्यातूनच बाहेर पडली, पॅनासॉनिकनं २०१३ अखेर प्लाझ्मा बनवणं थांबवलं, सॅमसंग आणि एलजीनं २०१४ मध्ये. चांगलं चित्र मेलं आणि भडक चित्र उरलं.

आता प्लाझ्माची बाजू घेतो म्हणजे त्याचे लाड करतो असं नाही. त्याला सुरुवातीला सांभाळावं लागे. नवा फॉस्फर पहिल्या काही तासांत सगळ्यात वेगानं झिजतो. पडद्याचा एकच भाग तेव्हा जास्त तापला तर झीज कमी-जास्त होते आणि डाग राहतो. म्हणून जाणकार सांगत, पहिले शंभर-दोनशे तास कॉन्ट्रास्ट निम्म्यावर ठेवा, चित्र पडदाभर असू द्या, एकच लोगो तासन्तास नको. काही हौशी लोक तर त्यासाठी नुसत्या रंगांच्या कोऱ्या पाट्या रात्रभर फिरवत ठेवायचे. मला विचाराल तर त्या पाट्यांमध्ये थोडं सोवळंओवळंच होतं. पण मूळ सल्ला रास्त होता. आमच्याकडे शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिसिंग पन्नास तासांना, तोवर जड काम बेतानं, हे बारक्या पोरालाही पाठ असतं. उसाच्या बिलातून ट्रॅक्टरचा हप्ता भरणारा तोच माणूस त्याच बिलातून प्लाझ्मा घ्यायचा आणि पहिल्याच दिवशी व्हिव्हिडवर सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्या लावून ठेवायचा. कारण त्याला कुणी सांगितलंच नाही. विकणारा बोलला नाही, आणि माहितीपुस्तिका थर्माकोलबरोबर गोठ्यामागे गेली.

परिणाम मी इंदापूर तालुक्यात पाहुण्यांकडे पाहिला आहे. जून २०१२ मध्ये स्टार माझाचं एबीपी माझा झालं, साऱ्या महाराष्ट्रानं ते स्वीकारलं, पाहुण्यांच्या पडद्यानं नाही. कोपऱ्यात जुनी खूण फिकट, खाली बातमीच्या पट्टीची सरळ रेघ, ही कीर्तनातही दिसायची आणि क्रिकेटमध्येही. पाहुणे म्हणायचे, “पीस डिफेक्टिव्ह निघाला.” पीस ठणठणीत होता. तो आणताना टेम्पोत पेंडीच्या पोत्यांवर आडवा टाकला होता, तरी काच तडकली नाही, यातच त्याचा दणकटपणा आला. प्लाझ्मा उभाच न्यायचा असतो, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या काळाची आणखी एक खोड आपण जपून ठेवली आहे. जुनं चित्र चार बाय तीनचं, नवा पडदा सोळा बाय नऊचा. प्लाझ्मावर बाजूला काळ्या पट्ट्या सोडल्या तर मधला भाग झिजायचा, कडा नव्या राहायच्या. म्हणून चित्र ताणून पडदाभर करायचं, याला निदान एक निमित्त होतं. आज एलईडीवर ते निमित्त नाही, पण ताणणं चालूच. ताणल्यावर रुंदी तेहेतीस टक्क्यांनी वाढते, उंची आहे तेवढीच. २००० च्या आगेमागे झालेल्या लग्नाची सीडी आज ५५ इंचीवर लावा: नवरदेव बुटका, नवरी आडवी, करवल्या दारात मावत नाहीत. “तेव्हा सगळे अंगानं होते,” म्हणून घरचे हसतात. कुणी रिमोटवरचं एक बटण दाबत नाही.

वायरीचं तर बोलायलाच नको. ग्रामीण भागातली केबल डिजिटल करायची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली. बॉक्स आला, पुढे एचडी बॉक्सही आला. पण केबलवाला तो जोडतो पिवळी-लाल-पांढरी वायर वापरून, कारण ती त्याच्या पिशवीत असते. ती वायर फार तर ५७६ ओळींचं जुनं चित्र नेऊ शकते. पडद्यावर ओळी आहेत २१६०. एचडीचे पैसे दरमहा जातात आणि चित्र येतं ते चाळीतल्या चौकोनी टीव्हीच्या काळातलं. एचडीएमआयची वायर बॉक्सच्या खोक्यात प्लास्टिकमध्ये बांधलेली तशीच पडून. टीव्ही छताखाली हातभर अंतरावर ठोकलेला असतो, तिथं हात पोचत नाही, म्हणून पुढेही कुणी बदलत नाही.

आणि स्टॅबिलायझर! रात्री पंप सुरू झाले की होल्टेज पडतं, हे आम्हाला सांगायला नको. दुकानदार त्याच भीतीवर दोन हजारांचा डबा गळ्यात मारतो. सेटच्या पाठीवरचं लेबल वाचा. बहुतेक नव्या सेटवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं सापडेल. पडलेलं होल्टेज तो मुकाट्यानं सोसतो. त्याला मारतं ते वरून येणारं होल्टेज आणि वळवाची वीज, जी बऱ्याचदा डिशच्या वायरीतूनही आत शिरते. त्यावर उपाय आर्थिंग आणि वेळेवर काढलेली वायर. पण भिंतीतल्या प्लगाची तिसरी पिन नुसती शोभेची आहे का, हे तपासायला कुणी येत नाही, कारण आर्थिंगचा खड्डा काढून कमिशन मिळत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आता शोरूममध्ये ओलेड दाखवतात. प्लाझ्मासारखाच त्याचाही प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, काळा खोल, आणि डाग पडायची खोडही तीच. फरक इतकाच की हा सेट बंद केल्यावर स्टँडबायमध्ये स्वतःची डागडुजी करतो. आणि आमच्याकडे रात्री झोपताना भिंतीवरचं बटण खटकन बंद करायची पद्धत आहे, वीज वाचते म्हणून. म्हणजे लाख रुपयांचा सेट, दिवसभर बातम्यांची पट्टी, आणि रात्री त्याच्या दुरुस्तीचा दम तोडलेला. विकताना हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? साउंडबार दाखवायला लागतो त्यापेक्षा नक्कीच कमी.

इन्स्टॉलेशनवाला हल्ली काम झालं की मोबाइलवर आलेला ‘हॅपी कोड’ मागतो. तो दिल्याशिवाय त्याची खेप कंपनीकडे पूर्ण धरत नाहीत, हे तोच सांगतो. देऊ नका. ‘होम’ लावलंय का ते दाखव म्हणावं, व्हिव्हिड काढून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लाव, शार्पनेस खाली आण, रंग ‘वॉर्म’वर ने, ती गुळगुळीत हालचाल बंद कर, बॉक्सला एचडीएमआय जोड. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, घरातले कुरकुर करतील, करू द्या. पोरगा म्हणेल, “दादा, एवढं कुणी करत नाही.” त्याला चहा द्या, बिस्किटं द्या. कोड नंतर.