ओसरीवरून : आचार्या आणि आचार्यानी

संस्कृत व्याकरणांतील स्त्रीप्रत्ययांचा पाठ आला कीं माझ्या वर्गांत दरवर्षीं एकदां खसखस पिकत असे. 'आचार्यानी' म्हणजे आचार्यांची पत्नी आणि 'आचार्या' म्हणजे जी स्वतः शिकविते ती, हा भेद मी फळ्यावर लिहीत असें, आणि मग एखादा धीट विद्यार्थी विचारी, "गुरुजी, मग मास्तरीणबाई म्हणजे या दोहोंपैकीं कोण?" प्रश्न बिकट खरा. आमच्या मराठीनें हा भेद पुसूनच टाकिला आहे. माझ्या कुटुंबानें आयुष्यांत एकही तास घेतला नाहीं, तरी सारा गांव तिला मास्तरीणबाई म्हणतो; आणि जन्मभर गणित शिकविलेल्या आमच्या शेजारीणही मास्तरीणबाईच! वैयाकरणांना ज्याअर्थीं दोन शब्द लागले, त्याअर्थीं स्वतः शिकविणाऱ्या स्त्रिया त्यांच्या पाहण्यांत असल्या पाहिजेत, एवढें सांगून मी पुढच्या सूत्राकडे वळत असें. त्या भेदाचें मर्म मला कळलें तें मात्र गेल्या वसंतांत, आणि तेंही सातासमुद्रांपलीकडे, एका खेळाच्या मैदानावर.

माझी कन्या अमेरिकेंत मेरीलंड राज्यांत, बाल्टिमोर शहराजवळ असते. आम्ही उभयतां सहा महिने तिच्याकडे राहिलों. नात अकरा वर्षांची. दर शनिवारीं सकाळीं ती जाळी लावलेली एक काठी खांद्यावर टाकून निघे. "आजोबा, आमच्या कोच पाहायला चला," असा तिचा आग्रह. कोच म्हणजे दिवाणखान्यांत टेंकून बसावयाचें मऊ आसन, इतकाच त्या शब्दाशीं माझा जुना परिचय. येथें पाहतों तों या बाई क्षणभर बसत म्हणून नाहींत! वय पन्नाशीचें, केंस पिकूं लागलेले, गळ्यांत शिटी, आणि वीस मुलींचीं नांवें जिव्हाग्रीं.

खेळाचें नांव लॅक्रॉस. काठीच्या टोंकाशीं एक लहानशी झोळी असते. तींत टणक रबरी चेंडू झेलावयाचा, न सांडतां धांवावयाचें, सोबतिणीच्या झोळींत तो फेंकावयाचा आणि अखेर प्रतिपक्षाच्या जाळ्यांत मारावयाचा. मुलींच्या खेळांत झोळी उथळ असते व अंगावर आदळण्यास मनाई असते. यामुळें दांडगाईपेक्षां चपळाई, नजर आणि मनगट यांनाच मोल. धांवतांना चेंडू पडूं नये म्हणून काठी सारखी हलकेंच डोलवीत राहावें लागतें. या क्रियेला तेथील भाषेंत जें नांव आहे त्याचा अर्थ 'पाळणा हलविणें' असा होतो. हें ऐकतांच आमच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "मग हें मला येईल हो!" आणि नातीच्या हातून काठी घेऊन दोन पावलें चालतात तोंच चेंडू गवतांत! कोचबाई हंसल्या नाहींत. त्यांनीं चेंडू उचलून पुनः झोळींत ठेविला आणि मनगट कसें सैल सोडावें तें हात धरून दाखविलें. माझ्या कुटुंबाला वयाच्या बासष्टाव्या वर्षीं मिळालेला खेळाचा तो पहिला पाठ.

थोड्या वेळानें नातीच्या हातून चेंडू लागोपाठ तीनदां पडला. डोळ्यांत पाणी आलें. बाईंनीं गवतांत गुडघे टेंकले, आणि तिच्या डोळ्यांशीं डोळे समपातळींत आणून विचारलें, "चेंडू पडला तेव्हां तूं कोठें पाहत होतीस?" ती म्हणाली, "चेंडूकडे." "आतां मैत्रिणीकडे पाहा. चेंडू झोळींत आहे कीं नाहीं तें तुझ्या हाताला कळतें." चौथ्या वेळीं चेंडू पडला नाहीं. वाचकहो, हाच प्रश्न मीं पस्तीस वर्षें वर्गांत विचारला आहे: "लक्ष कोठें आहे?" परंतु तो दरडावण्यासाठीं. त्याचें उत्तर ऐकून घ्यावयाचें असतें हें मला त्या दिवशीं प्रथम उमगलें.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त दोन नाट्याचार्यांचा कलह आहे. कांहींस विद्या स्वतःपुरती येते, कांहींस ती दुसऱ्यांत उतरवितां येते, आणि दोन्ही ज्यास साधतें तोच शिक्षकांत अग्रगण्य, असा निवाडा तेथें सांगितला आहे. तो निवाडा ज्या मुखानें सांगितला तें मुख एका स्त्रीचें, परिव्राजिका कौशिकीचें आहे. हें नाटक मीं किती वेळां शिकविलें. पण या गोष्टीकडे माझें लक्ष कधीं गेलें नव्हतें.

या खेळाचा इतिहास चौकसपणें विचारला तेव्हां तोही आचार्यांचाच निघाला. मूळचा तो उत्तर अमेरिकेंतील आदिवासी राष्ट्रांचा. हौडेनोशॉनी नांवाच्या राष्ट्रसंघांत तो परमेश्वराची देणगी मानला जातो. १८६७ सालीं मॉन्ट्रियल येथील विल्यम जॉर्ज बीअर्स या दंतवैद्यानें त्याचे नियम बांधले. परंपरेनें तो पुरुषांचा खेळ. पुरुषांच्या लांकडी काठीस स्त्रियांनीं शिवूं नये असा संकेत. असले संकेत आपल्या घरांतून कांहीं अपरिचित नाहींत. आणि २०२२ सालीं मेरीलंडमध्येंच झालेल्या स्त्रियांच्या जागतिक स्पर्धेंत त्याच हौडेनोशॉनींचा स्त्रीसंघ उतरला होता!

मुलींच्या हातीं ती काठी प्रथम दिली ती शिक्षिकांनीं. स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज गांवीं सेंट लिओनर्ड्स ही मुलींची शाळा आहे. तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका लुइसा लम्सडेन यांनीं १८८४ सालीं उत्तर अमेरिकेच्या प्रवासांत हा खेळ पाहिला. १८९० सालीं त्या शाळेंत मुलींचा पहिला सामना झाला. त्याच शाळेंत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनीं १९२६ सालीं बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेंत अमेरिकेंतील मुलींचा पहिला संघ उभारला. १९९२ सालीं त्या खेळाच्या राष्ट्रीय गौरवमंदिरांत स्थान मिळालेल्या पहिल्या स्त्री त्याच. पुढची परंपराही गुरुशिष्यांची आहे. सिंडी टिमचल यांनीं मेरीलंड विद्यापीठाच्या मुलींकडून आठ राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळविलीं. त्यांपैकीं सात १९९५ पासून २००१ पर्यंत ओळीनें. त्यांच्या हाताखालीं खेळलेल्या केली अमोंटे हिलर यांनीं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत संघ नव्यानें बांधून २००५ सालीं एकही सामना न हरतां अजिंक्यपद मिळविलें. दुसऱ्या शिष्या कॅथी रीस गुरूच्याच जागीं मेरीलंडला येऊन पांचदां जिंकल्या. कुलवृत्तान्तांत आपण पणजोबा-आजोबांचीं नांवें मांडतों, तशी ही विद्येची वंशावळ. आणि तींत सर्व नांवें स्त्रियांचीं.

यश म्हणजे केवळ ढाली मिळविणें असें मात्र कोणीं समजूं नये. बाल्टिमोरच्या लोयोला महाविद्यालयांत डायन गेपी-एकेन्स या प्रशिक्षिका होत्या, चार मुलांच्या आई. मेंदूंत अर्बुद झालें, चालणें खुंटलें, तरी २००३ च्या हंगामांत चाकांच्या खुर्चीवरून त्यांनीं आपला संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत नेला. अजिंक्यपद मिळालें नाहीं. आणि त्याच जून महिन्यांत त्या निवर्तल्या. त्या मुलींनीं त्या वर्षीं जें पाहिलें तें कोणत्या क्रमिक पुस्तकांत आहे?

आतां एक विलक्षण गोष्ट सांगतों. १९७२ सालीं अमेरिकेंत शिक्षणसंस्थांतून स्त्रीपुरुषभेद करूं नये असा कायदा झाला. मुलींच्या खेळांना पैसा, मैदानें आणि मान मिळाला. खेळणाऱ्या मुली कितीतरी पटींनीं वाढल्या. परंतु शिकविण्याच्या जागांना वेतन व प्रतिष्ठा येतांच त्या जागांवर पुरुष येऊं लागले. त्यापूर्वीं महाविद्यालयीन मुलींच्या संघांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक स्त्रियांच्या हाताखालीं असत. पुढें तें प्रमाण निम्म्याच्याही खालीं आलें. लॅक्रॉस हा यास मोठा अपवाद. तेथें मुख्य प्रशिक्षिका बहुतेक स्त्रियाच आहेत, कारण खेळलेली मुलगी पुढें शिकवावयास परत येते. २०२८ सालीं लॉस एंजलिस येथील ऑलिंपिकांत हा खेळ स्त्रीपुरुष दोघांसाठीं, सहा-सहा जणांच्या संघांनीं व्हावयाचा आहे. पैसा आणि प्रतिष्ठा आणखी वाढतील. तेव्हां ही परंपरा टिकते कीं नाहीं याची परीक्षा खरी तेव्हांच.

कोणी म्हणेल, पुरुषानें शिकविलें म्हणून काय बिघडलें? मी स्वतः मुलींना शिकविलें आहे, त्यामुळें तसें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. चांगला शिक्षक तो चांगलाच. पण दण्डीच्या 'दशकुमारचरितां'तील राजकन्या कंदुकावती आठवावी. तिचें चेंडूचें कौशल्य पाहण्यास सारी नगरी लोटते. मात्र तिला आज्ञा काय, तर सातव्या वर्षापासून विवाह होईपर्यंत, गुणवान् पति मिळावा म्हणून, महिन्यास एकदां देवीपुढें खेळावें. विवाह झाला, खेळ संपला! ज्या मुलीस पन्नाशीची, केंस पिकलेली, तरी मैदानावर उभी असलेली बाई दिसते, तिला खेळ हा बोहल्यापाशीं संपणारा रस्ता वाटत नाहीं. हा पाठ कोणत्याही पुरुषानें कितीही चांगला शिकविला तरी तो त्याला स्वतःच्या देहानें दाखवितां येत नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें सारें लिहावयास बसलों ती. माझी ही कन्या चौदा वर्षांची असतां आमच्या शाळेच्या खो-खोच्या संघांत होती. पाठलागांत तिचा हात धरणारी मुलगी पंचक्रोशींत नव्हती. संघ जिल्ह्याच्या स्पर्धेसाठीं निवडला गेला. दोन रात्री परगांवीं राहावयाचें होतें. बरोबर जाण्यास शाळेंत बाई शिक्षिका नव्हती. त्या कारणावर बोट ठेवून मीं नाहीं म्हटलें. मी त्याच शाळेंत शिक्षक. स्वतः बरोबर जाऊं शकलों असतों. पण तें मला सुचलें नाहीं, किंवा खरें लिहावयाचें तर, मीं तें सुचूं दिलें नाहीं. तिनें वाद घातला नाहीं. पुढल्या वर्षीं ती मैदानावर गेलीच नाहीं, आणि मीं तें अभ्यासाकडे लक्ष लागल्याचें लक्षण समजून समाधान मानिलें.

तिकडे असतां एके दिवशीं कोचबाईंनीं आयांपैकीं कोणी मदतीस येईल काय असें विचारलें. माझी कन्या म्हणाली, "मला हा खेळ येत नाहीं." त्या म्हणाल्या, "मुली शिकतील तशा तुम्हीही शिका. पण तुम्हांला धांवतां येतें, तें मीं पाहिलें आहे." पुढच्या शनिवारीं तिच्या गळ्यांत शिटी होती. लहान मुलींच्या पुढें ती धांवूं लागली तेव्हां तिचा तो जुना झुकाव, ती एकाएकीं दिशा बदलण्याची लकब मीं ओळखली. पंचवीस वर्षें ती कोठें ठेविली होती कोण जाणे!

परततांना गाडींत ती सहज म्हणाली, "अण्णा, त्या वर्षीं बरोबर यायला एक बाई असती तर?" आवाजांत राग नव्हता. मजपाशीं उत्तर नव्हतें. मागच्या आसनावरून तिची आई म्हणाली, "मी होतें कीं. मला कोणीं विचारलेंच नाहीं."

हें वाक्य घेऊन मी मायदेशीं आलों. आमच्या गांवच्या शाळेंत अजूनही मुलींचा खो-खो चालतो, आणि परगांवीं जाण्याची वेळ आली कीं अजूनही तीच अडचण निघते. यंदा मार्गशीर्षांत आमच्या घरांतून मुख्याध्यापकांकडे निरोप गेला कीं मुलींबरोबर मी जाईन. त्याप्रमाणें दशम्यांचा डबा घेऊन त्या तालुक्याच्या स्पर्धेस गेल्याही. तीन मुलींच्या घरून जो नकार होता तो त्यामुळें मागें घेतला गेला. संघ दुसऱ्याच फेरींत हरला. पण त्या तिघी खेळल्या.

वाचक भगिनींनो, आपल्यापैकीं कितीजणी एके काळीं लंगडी, खो-खो, लगोरी यांत पटाईत होत्या! तें कौशल्य अंगांत कोठेंतरी असतेंच. आपल्या शाळेंत जाऊन एवढेंच म्हणावें, "मी आहें." व्याकरणदृष्ट्या आमच्या मास्तरीणबाई अजून आचार्यानीच आहेत; पण मुलींनीं त्यांना खो-खोचे नियम शिकविण्यास आरंभ केला आहे, आणि काल संध्याकाळीं ओसरीवर बसून त्या मला विचारीत होत्या कीं खांब सोडतांना पाय कोणता पुढें टाकावा. मला तें ठाऊक नव्हतें.